भोंग्याला न दचकणारं बाळ

पवनवाडीचा भोंगा वाजला की अख्खी वाडी दचकत असे. नेहमी वाजणारा भोंगा, त्याला काय दचकायचं, असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही तो ऐकलेला नाही. धुक्यात वाट चुकलेल्या होड्यांना हाक मारायला तो बसवलेला होता, आणि धुकं कधी दाटेल याचं काही वेळापत्रक नव्हतं. माणूस चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच खालून, समुद्राच्या पोटातून आल्यासारखा तो लांबलचक हंबरडा यायचा आणि निम्मा चहा बशीत सांडायचा.

ही पवनवाडी म्हणजे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात लोखंडी खांबांवर उभी असलेली वस्ती. वाऱ्यावर वीज तयार करणाऱ्या उंचच उंच चक्क्या आणि त्या सांभाळणाऱ्या माणसांची थोडीशी घरं. अंगणाच्या जागी जाळीचा कठडा, आणि कठड्याखाली पाणी. ऋजुता परुळेकर याच वाडीत वाढून दहा वर्षांची झाली होती, तरी ती भोंग्याला दचकायची. तिची आई केतकी दचकायची. चक्कीवर चढून दुरुस्ती करणारे बाबा, ज्यांना कशाचीच भीती वाटत नाही असं ते स्वतःच सांगत, तेही दचकायचे. तिचा धाकटा भाऊ ओजस अजून तीन वर्षांचाही नव्हता. तो आधी रडायचा आणि मग आपलं आपण हसायचा.

दचकत नव्हतं ते एकटं बाळ.

बाळ म्हणजे ऋजुताची नवी बहीण. ती जन्मली तीच धुक्यात. किनाऱ्यावरून लाँच येऊ शकली नाही, म्हणून वाडीतल्याच छोट्या दवाखान्यात नर्सबाईंनी सगळं निभावून नेलं. वजन चांगलं, रंग चांगला, दूध पिणं झकास. बाकीच्या तपासण्या धुकं निवळलं की किनाऱ्यावर करू, असं ठरलं. पण धुकं काही हटायचं नाव घेईना. एखाद्या दिवशी थोडं विरळ व्हायचं आणि पुन्हा खिडकीला नाक लावून उभं राहायचं.

छताला टांगलेल्या पाळण्यात बाळ झोपलेलं असायचं. भोंगा वाजायचा. आईच्या हातातला चमचा पडायचा. बाळाची पापणीही हलायची नाही.

"काय गुणाचा बाळ गो!" शेजारच्या तांडेल काकू म्हणायच्या. "माझो झील न्हान असताना भांडा वाजला तरी घर डोक्यार घेय. ह्या बघ कसा शांत!"

आईला ते ऐकून बरं वाटायचं. ऋजुताला मात्र कसंतरीच व्हायचं, कारण तिने आणखी एक गोष्ट पाहिली होती.

अंगाला तेल लावून झालं की आई बाळाला थोडा वेळ खाली चटईवर ठेवायची. वाडीतल्या सगळ्या घरांची जमीन लोखंडी. एकदा असंच बाळ चटईवर होतं आणि ऋजुता शेजारी बसली होती. अचानक बाळाने डोळे टक्क उघडले, दोन्ही हात हवेत फेकले आणि छताकडे पाहत राहिलं. घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं, कसला आवाज नव्हता. ऋजुताने मान वर करून पाहिलं, तिथेही काही नव्हतं. आणि मग भोंगा वाजला.

आधी बाळ, मग भोंगा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ऋजुताच्या अंगावर सर्रकन काटा आला. पाळण्यात झोपलेल्या बाळाला भोंगा ऐकू येत नव्हता, आणि जमिनीवर ठेवलेल्या बाळाला तो वाजायच्या आधीच कळत होता. कोण सांगत होतं तिला?

याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असं ऋजुताला वाटत होतं, आणि म्हणूनच तिची झोप उडाली होती. तिच्या कंपासपेटीत एक कागद होता.

झालं होतं असं. बाळाच्या पाचवीला तांडेल काकूंनी मोठ्या हौसेने पूजा मांडली होती. पाटा-वरवंटा कुठून आणायचा, म्हणून बाबांनी चक्कीचा एक गुळगुळीत दांडा धुऊनपुसून वरवंटा म्हणून दिला. पुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून हे लिहायचं सामान. "काय लिवल्यान ता कोणी वाचुचा नसता," असंही काकूंनी बजावलं होतं. आईबाबा दोघेही हसले होते. त्यांना ती एक गंमत वाटत होती.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठली ती ऋजुता. कागद कोरा नव्हता. त्यावर निळ्या शाईने गोल काढलेले होते. लहान, मोठे, वेडेवाकडे. प्रत्येक गोलाच्या मधोमध एक गच्च काळानिळा ठिपका. कितीतरी डोळे तिच्याकडे पाहत होते. तिने कागदाची घडी घातली आणि कंपासपेटीत दडवून टाकली. कागद वाऱ्याने समुद्रात गेला असेल, असं आई म्हणाली आणि विसरूनही गेली. ऋजुता कशी विसरणार? तिची खात्री झाली होती, की बाळ ऐकणार नाही असं काहीतरी त्यावर लिहिलेलं आहे. आणि आपण ते कुणाला सांगितलं तर ते खरं होईल, या भीतीने ती गप्प होती.

बारशाच्या दिवशी धुकं जरा विरळ झालं आणि लाँच आली. लाँचमधून सानिका आत्या उतरली. ती बाबांची थोरली बहीण. पुण्याला विषाणूंवर (डोळ्यांना न दिसणाऱ्या, रोग पसरवणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर) संशोधन करायची. केस बारीक कापलेले, बोलणं फटकळ. बाळाला पाहून सगळे "गोडुली गं" म्हणतात, तर ती म्हणाली, "नाक थेट तुझ्या बाबाचं आहे, बिचारी." तिच्या खांद्याला जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं एक यंत्र लटकत होतं. त्याला दोन मोठे गोल डोळे होते, म्हणून त्याचं नाव पिंगळा. गावोगावच्या विहिरींतले आणि नद्यांतले विषाणू शोधायला आत्या त्याला सगळीकडे बरोबर न्यायची.

"नमस्कार," पिंगळा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "इथली दृश्यमानता समाधानकारक नाही."

"म्हणजे धुकं आहे," आत्याने समजावलं. "शाळेतल्या मराठीवर शिकलाय तो. घ्या सांभाळून."

भर दुपारी दिवे लावून बारसं सुरू झालं. पाळणा फुलांनी सजवला होता. कागदाची फुलं, कारण खरी किनाऱ्यावरून आली नव्हती. बायकांनी पाळणा म्हटला. मग आत्या पुढे झाली. नाव ठरलेलं होतं, आणि ते ऋजुताने सुचवलं होतं. गुंजन. वाडीत चक्क्यांची अखंड गुणगुण चालू असते, तिच्यावरून.

आत्या पाळण्यावर वाकली आणि बाळाच्या कानाशी तोंड नेऊन जोरात म्हणाली, "कुर्रर्रर्र!"

तेवढ्यासाठीच टपलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. सगळ्या हसल्या. पण आत्या उठली नाही, नावही म्हणाली नाही. ती तशीच वाकून राहिली. मग पुन्हा, आधीपेक्षा मोठ्याने म्हणाली, "कुर्रर्रर्र!" आणि बाळाच्या तोंडाकडे एकटक पाहत राहिली. हसणाऱ्या बायका एकेक करून गप्प झाल्या. खिडकीबाहेर धुकं पुन्हा दाटून आलं होतं आणि खोलीत चक्क्यांच्या गुणगुणीशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

"इतक्या बाळांच्या कानांत मी कुर्र केलंय," आत्या सरळ होत हळूच म्हणाली. "कुणी रडतं, कुणी डोळे मिचकावतं, कुणी निदान हात झटकतं. हिने काहीच केलं नाही. केतकी, हिचे कान तपासलेत?"

"नाही हो ताई. किनाऱ्यावर करायचे होते," आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला. "तुम्ही नाव तरी घ्या आधी. बारसं असं अर्धवट..."

"अर्ध्यात थांबूक नये," तांडेल काकू पुटपुटल्या. "बरा नसता ता."

आणि तेव्हा ऋजुताला हुंदका आवरेना. इतके दिवस कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. न दचकणारं बाळ, भोंग्याच्या आधी उघडणारे डोळे, सगळंच. तिने धावत जाऊन कंपासपेटी आणली आणि कागद उलगडून आत्याच्या हातात ठेवला. "सटवाईने लिहिलंय. मी कुणाला सांगितलं नव्हतं. आता खरं होणार."

कागद पाहून काकूंनी तोंडावर हात ठेवला. बाकीच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या. आत्याने मात्र कागद उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला आणि मग जमिनीवर बसकण मारून हाक मारली, "ओजस, इकडे ये रे. पेन दिलं तर काय काढशील?"

ओजसने पेन घेतलं, जीभ बाहेर काढली आणि कागदाच्या रिकाम्या कोपऱ्यात एक वेडावाकडा गोल काढून त्याच्या मधोमध पेन खच्चून दाबलं. "लाडू," तो म्हणाला.

बाबा फुसकन हसले. बायकाही हसल्या, जरा जास्तच मोठ्याने. ऋजुताला हसावं की रडावं कळेना. ती ओजसचे निळे डागाळलेले हात बघत राहिली.

"एक भूत गेलं," आत्या म्हणाली. "आता दुसरं. धुकं दाटलंय, भोंगा वाजेलच. ऋजू, कानांत कापूस घाल. वर हाताने घट्ट दाब. नाही, एक कान दंडाने दाब, आणि त्या हाताचा तळवा जमिनीला टेक. झोप पालथी."

ऋजुता लोखंडी जमिनीवर पालथी झोपली. कान गच्च बंद. माणसांची तोंडं हलत होती, पण आवाज नव्हता. जग एकदम लांब गेलं होतं. बाळाला रोज असंच वाटत असेल का, या विचाराने तिला एकटं एकटं वाटलं. तेवढ्यात तळव्याला बारीकशी मुंगी चावल्यासारखं झालं. मग ती थरथर हातात, पोटात, गालात चढली. तिने घाबरून आत्याकडे पाहिलं, आणि आत्याच्या मागे उभे असलेले सगळेजण एकदम दचकले. तिला स्वतःला मात्र अगदी पुसट, उशीखालून आल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. भोंगा वाजला होता, आणि तो तिला सगळ्यांच्या आधी कळला होता.

"भोंग्यात हवा भरणारा पंप आधी सुरू होतो," बाबा सावकाश म्हणाले. त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं. "खांब थरथरतात. आम्हाला ते कामाच्या नादात जाणवतच नाही."

"कान चालतात म्हणून जाणवत नाही," आत्या म्हणाली. "हिला कुणी काही सांगत नाही रे. हिची कातडी ऐकतेय. पाळणा हवेत टांगलेला, तिथवर थरथर पोचत नाही, म्हणून पाळण्यात ही शांत. गुणाची वगैरे काही नाही." तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. "केतकी, घाबरू नकोस. पण थांबायलाही नको. दूध पाजून तासभर झालाय ना? तोंडात दूध असलं तर तपासणी फसते."

"झालाय की जास्तच."

आत्याने बाळाच्या गालाच्या आतून कापसाच्या काडीने लाळ पुसून घेतली. लंगोटात कापूस ठेवून लघवीचे थेंबही मिळवले. दोन्ही नमुने पिंगळ्याच्या पोटात गेले. त्याने एक बारीक नळी बाळाच्या एकेका कानाशी धरली, टिकटिक केली, आणि मग बराच वेळ त्याच्या पोटात काहीतरी घुरघुरत राहिलं. इतका वेळ, की ऋजुता त्याच्या त्या गोल डोळ्यांकडे बघायचीही भ्यायला लागली.

"उजवा कान, प्रतिसाद नाही," पिंगळा म्हणाला. "डावा कान, क्षीण प्रतिसाद आहे. जवळचा मोठा आवाज पोचू शकतो. पक्कं निदान किनाऱ्यावर व्हावं. लाळेत आणि लघवीत विषाणू आढळला आहे. दाखवू?"

त्याच्या डोळ्यांतून भिंतीवर उजेड पडला. फिकट गुलाबी रंगात लहान लहान पेशी (शरीर ज्यांचं बनतं त्या जिवंत विटा) विखुरल्या होत्या. आणि त्यांच्यामध्ये काही पेशी फुगून मोठ्या झालेल्या होत्या. त्या प्रत्येकीच्या मधोमध एक गच्च काळा ठिपका, ठिपक्याभोवती पांढरं कडं. घुबडाचे डोळे. भिंतभर डोळे खोलीतल्या माणसांकडे बघत होते. ऋजुताने न बोलता ओजसचा कागद उचलला. तेच गोल, तेच ठिपके.

"आत्या," ती कुजबुजली. "लाडू म्हणाला होता तो."

"लाडूच आहेत ते. तीन वर्षांची सगळी पोरं हेच काढतात, मीही काढत असेन," आत्या म्हणाली. तरीही तिने तो कागद भिंतीजवळ धरून क्षणभर पाहिलाच. "योगायोग आहे. पण अंगावर काटा आणणारा आहे, खोटं कशाला बोलू?"

मग ती जमिनीवरच मांडी घालून बसली आणि सगळे तिच्याभोवती बसले. पाळण्याला आई हळूहळू झोका देत होती.

"याचं नाव सायटोमेगॅलोव्हायरस. पेशी फुगवणारा विषाणू. विषाणूला हात नाहीत, पाय नाहीत, पोट नाही. त्याच्याकडे असते फक्त एक चिठ्ठी. पेशीत शिरला की ती चिठ्ठी तो पेशीला देतो. चिठ्ठीत एकच ओळ असते, माझ्यासारखे आणखी बनवा. पेशी बिचारी आज्ञाधारक. आपलं काम सोडून तेच करत बसते. बहुतेक मोठ्या माणसांना हा कधी ना कधी होऊन जातो, आणि पत्ताही लागत नाही. जरा ताप, जरा अंग मोडून येतं. मग आपल्या शरीरातली प्रतिपिंडं (अशा पाहुण्यांना ओळखून पकडणारे पहारेकरी) त्याला कोपऱ्यात गप्प बसवतात."

"मला तिसऱ्या महिन्यात आला होता ताप," आई एकदम म्हणाली. "दोनच दिवस. मला वाटलं, थकवा."

"थकवा वाटावा असाच असतो तो. आता बघ, पोटात बाळ आणि आई यांच्यामध्ये वार असते. वार म्हणजे बाळाची नाळ जिला जोडलेली असते, तो मऊ जाड गोळा. आईचं रक्त एका बाजूने वाहतं, बाळाचं दुसऱ्या. दोन्ही मिसळत नाहीत. अन्न आणि प्राणवायू पलीकडे जातात, बरेचसे जंतू अलीकडे अडतात. पण हा लबाड कधीकधी वारेच्या पेशींनाच आपली चिठ्ठी देतो आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडतो. पलीकडे बाळ असतं. त्याचे पहारेकरी अजून शिकाऊ."

"आणि आईला काही होत नाही, बाळाला का होतं?" ऋजुताने विचारलं.

आत्याने बाबांकडे पाहिलं. "तू सांग. चक्की उभी राहिल्यावर एखादी वायर तुटली तर?"

"जोडतो," बाबा म्हणाले.

"आणि चक्की उभी होत असतानाच, वायरी टाकायचं काम चालू असताना, कुणी आत घुसून कामगारांना भलत्याच कामाला लावलं तर?"

बाबांनी पाळण्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"पोटातल्या पहिल्या महिन्यांत बाळाचं सगळंच उभं होत असतं. मेंदू, डोळे, कान. कानाच्या आत खोल एक शंख असतो," असं म्हणून आत्याने खिडकीतला ऋजुताचा शंख उचलला. "अगदी असा, वळणावळणाचा, पण वाटाण्याएवढा. त्यात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात. आवाज आला की ते तंतू हलतात आणि मेंदूला निरोप जातो. विषाणूने तिथे गोंधळ घातला की निरोप जात नाही. लक्षात ठेवा, हा विषाणू घेऊन जन्मलेली बहुतेक बाळं ठणठणीत असतात. काहींच्याच कानांवर येतं, थोड्यांच्या मेंदूवर, डोळ्यांवर. आणि काहींना जन्मताना ऐकू येतं, पुढे हळूहळू जातं. म्हणून मला हिच्या डाव्या कानाची काळजी आहे. तो अजून आपल्या हातात आहे."

"पण आला कुठून हा?" आईने विचारलं. "मी वाडीबाहेर पाऊलही टाकलं नव्हतं."

पिंगळा आपलं झाकण उघडून नम्रपणे म्हणाला, "त्या लाडूवाल्या बालकाची लाळ मिळेल का?"

ओजसने आनंदाने आ केला. थोड्या वेळाने पिंगळ्याने सांगितलं, की ओजसच्या लाळेतही तोच विषाणू आहे, आणि ओजस पूर्ण निरोगी आहे. वाडीतल्या पाळणाघरात सगळी पोरं एकमेकांची खेळणी तोंडात घालतात. तिथून तो ओजसकडे आला. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो.

आईचा पाळण्यावरचा हात थांबला.

"मी त्याचं उष्टं खायचे," ती म्हणाली. "रोज. दोन घास वरणभात ताटलीत उरायचाच. अन्न टाकवायचं नाही. त्याच्याच चमच्याने..." आणि ती ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. "माझ्या हाताने मी लेकीचे कान..."

ऋजुताला ओजसचा इतका राग आला, की त्याला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. त्याने कागद रंगवला होता, त्यानेच आईला विषाणू दिला होता. ओजस मात्र आई रडते हे पाहून धावत गेला आणि आपल्या निळ्या हातांनी तिचे डोळे पुसू लागला. ऋजुताचा राग कुठल्या कुठे गेला.

"केतकी, इकडे बघ," आत्या म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ झाला होता. "इथे बसलेल्या आयांपैकी पोराचं उष्टं कोणी खाल्लं नाही? हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. तांडेल काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "मियाच सांगलंय तिका, ताटात टाकू नको म्हणान."

"बघ. हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं, ते कळणार कसं? यात तुझा दोष नाही, या पोराचा तर नाहीच. आता सांगते ते मात्र सगळ्यांनी सगळीकडे सांगायचं. पोटात बाळ असेल तेव्हा लहानग्याचं उष्टं खायचं नाही, चमचा वेगळा, लंगोट बदलला की साबणाने हात धुवायचे, पापा घ्यायचा तो कपाळाचा घ्यायचा. पोराला लांब ठेवायचं नाही. मांडीवर घ्या, कुशीत घ्या."

"आणि गुंजनचं काय?" ऋजुताने विचारलं. तिला तेवढंच हवं होतं.

"औषध आहे. विषाणूच्या चिठ्ठीच्या नकला पेशीला काढूच देत नाही असं. गेलेलं परत आणतं असं मी म्हणणार नाही, पण उरलेलं टिकवायची चांगली संधी देतं. पहिल्या महिन्यात सुरू करावं लागतं. आणि हा विषाणू पोटातून आलाय की नंतर लागलाय, हे जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आतच पक्कं सांगता येतं. आपण वेळेत आहोत. त्या कुर्रमुळे. उजव्या कानाला पुढे यंत्र बसवता येईल. हातांनी बोलायची भाषा आपण सगळे शिकू, तीही उपयोगी पडते. लाँच आत्ता निघाली तर आत्ताच निघायचं."

"इतक्या धुक्यात?" बाबा म्हणाले.

"म्हणूनच भोंगा आहे ना?"

काकू अजून तो कागद न्याहाळत होत्या. "लिवलेला पुसूक येता तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"सटवाईचं मला माहीत नाही, काकू," आत्या म्हणाली. "पण विषाणूचं लिहिलेलं आम्हाला वाचता येतं, आणि वाचता आलं की त्याला आडवं जाता येतं. पूर्वी रुबेला नावाचा असाच एक विषाणू बाळांचे कान आणि डोळे न्यायचा. लस आली आणि तो हटला. ऋजू, तुलाही ती टोचलीय. याच्यावरची लस आम्ही बनवतोय, शेवटच्या चाचण्या चालू आहेत. तुझ्या पिढीच्या आयांना हे रडणं नको." मग ती उठली. "चला, पण नाव राहिलंय. ते डाव्या कानात घ्यायचं. आणि मी नाही, ऋजू घेईल."

"पण आत्यानेच घ्यायचं असतं," ऋजुता म्हणाली.

"आत्या सांगते आहे, म्हणजे झालं!"

ऋजुता पाळण्यावर वाकली. बाळाचं डोकं अलगद वळवून तिने डावा कान वर केला. बाळ पाय झाडत होतं. तिने अगदी कानाशी तोंड नेलं आणि आवाज घसा फुटेपर्यंत चढवून म्हणाली, "कुर्रर्रर्र! गुंजन! तुझं नाव गुंजन!"

बाळाचे पाय थांबले. कपाळावर एक छोटीशी आठी पडली आणि गेली. ऐकलं का? की मानेवर श्वास लागला म्हणून? एवढ्यात तांडेल काकूंनी ऋजुताच्या पाठीत सणसणीत बुक्का घातला, मग सगळ्याच तुटून पडल्या.

लाँच निघाली तेव्हा पवनवाडी अर्ध्या मिनिटात नाहीशी झाली. पुढे पांढरं, मागे पांढरं, खाली काळं पाणी. आई बाळाला आपल्या हातांवर, अंगापासून जरा दूर धरून बसली होती, डावा कान वर ठेवून. होडीची थरथर बाळापर्यंत कमी पोचावी म्हणून आत्याने तसंच सांगितलं होतं. पिंगळा डोळे मिटून होता. ऋजुताची पाठ ठणकत होती, आणि ते ठणकणं तिला हवंहवंसं वाटत होतं. मागून, धुक्याच्या पोटातून, वाडीच्या भोंग्याचा हंबरडा आला. सगळे दचकले. बाळ शांत. ऋजुताने ओठ दाताखाली धरले.

तेव्हा वाडीला उत्तर म्हणून लाँचचा स्वतःचा भोंगा, अगदी डोक्यावर, कानठळ्या बसवत वाजला.

गुंजनचे दोन्ही हात हवेत उडाले. तोंड वाकडं झालं, लाल झालं, आणि तिने असं काही भोकाड पसरलं की लाँच चालवणारा तांडेल मागे वळून पाहू लागला.

"दचकली!" ऋजुता ओरडली. "आई, दचकली! भोंग्याच्या नंतर दचकली!"

आई हसत होती आणि रडत होती. ओजस टाळ्या पिटत होता. आत्या नाक पुसत पिंगळ्याला सांगत होती, नोंद कर रे, नोंद कर. बाळ रडतंय आणि घरची सगळी माणसं खूश आहेत, असं त्या तांडेलाने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. त्याने डोकं खाजवलं, आणि ऋजुताने हात जोडून विनवलं म्हणून भोंगा पुन्हा एकदा वाजवला.